दगडावरून भिंतीवर आलेली लक्ष्मी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चौरंगावर ठेवतात ती लक्ष्मी जरा डोळ्यांसमोर आणा. कमळावर उभी, चार हात, वरच्या दोन हातांत कमळं, जरीकाठाची साडी, मोकळे केस, आजूबाजूला पाणी आणि सोंडेत माळ धरलेला हत्ती. चिपळूणच्या किराणा दुकानात, इंदूरच्या सराफाकडे, मस्कतला नोकरी करणाऱ्या कोल्हापूरकराच्या फ्लॅटमध्ये, थोड्याफार फरकाने हीच.

एवढ्या लोकांच्या मनात देवीचा एकच चेहरा बसला कसा? पुराणांत लक्ष्मीचं वर्णन आहे, पण वर्णन ऐकून दहा चितारी दहा लक्ष्म्या काढतील. आपल्या डोळ्यांसमोर येते ती लक्ष्मी जेमतेम एकशेतीस वर्षांची आहे आणि तिचा माग काढत गेलं तर आपण गिरगावातल्या एका छापखान्याच्या दाराशी पोचतो.

समाजाविषयीचे नवे विचार भाषणांतून, पुस्तकांतून, कायद्यांतून येतात असं आपण शाळेत शिकतो. ते खरंच आहे. पण काही विचार कुणीही न मांडता येतात. एखादं यंत्र येतं, एखादा चित्रकार त्याच्यासाठी चित्र काढतो, कुणीतरी त्या चित्राचा आकार, चौकट आणि किंमत ठरवतं. मग ते चित्र घरोघरी खिळ्याला लागतं आणि वीस-तीस वर्षांनी लक्षात येतं, की लोक देवाबद्दल, बाईबद्दल, देशाबद्दल वेगळाच विचार करायला लागलेत. रंगीत छापील चित्रांची गोष्ट हे त्याचं आपल्या घरातलंच उदाहरण आहे.

दगड, तेल आणि पाणी

आधी यंत्र. शिळाप्रेस, म्हणजे लिथोग्राफी, १७९६ साली बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर नावाच्या माणसाने शोधून काढली. हा गृहस्थ नाटककार. आपली नाटकं स्वस्तात छापायची कशी, या विवंचनेत तो होता. शोधाचं तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातलं आहे: तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत.

विशिष्ट जातीचा चुनखडीचा दगड घासून अगदी गुळगुळीत करायचा. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं, तेही उलटं, आरशात दिसावं तसं. मग डिंक आणि सौम्य आम्लाचं मिश्रण फिरवायचं, त्यामुळे चित्र दगडात पक्कं बसतं. आता दगड ओला केला, की चित्राच्या रेघा सोडून बाकी सगळीकडे पाणी मुरतं. त्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवला, की शाई फक्त रेघांना चिकटते. ओला भाग तिला जवळ येऊ देत नाही. वर कागद ठेवून दाब दिला की चित्र तयार. पुन्हा पाणी, पुन्हा शाई, पुन्हा कागद. ठसा खोदायला नको, छपाईच्या अक्षरांचे खिळे ओतायला नकोत.

ही शेवटची गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची ठरली. देवनागरीचे खिळे पाडायचे म्हणजे जोडाक्षरं, काना-मात्रा, वेलांट्या धरून शेकड्यांनी तुकडे ओतायचे. शिळाप्रेसवर मात्र हात जे लिहील ते छापून निघतं, मग ते बाळबोध असो वा मोडी. म्हणून गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. छपाईच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील कागदाला शिवत नसत, आणि त्यांची शंका फिटावी म्हणून गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरली, असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. यंत्र परदेशातून जसंच्या तसं आलं तरी त्याला इथे राहायचं तर आधी सोवळं नेसावं लागतं.

रंगीत छपाईत तत्त्व तेच, खटाटोप दसपट. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. मूळ तैलचित्र समोर ठेवून कसबी कारागीर ठरवणार की या गालावरच्या लालीत किती पिवळा, किती गुलाबी, किती तपकिरी आहे, आणि प्रत्येक रंगाचा वाटा त्या त्या दगडावर उतरवणार. तोच कागद एका दगडावरून दुसऱ्या दगडावर जात राहतो. केसभर सरकला तरी देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरतो. शेवटी वरून वार्निश, म्हणजे तैलचित्राची चमक आली. याला ओलिओग्राफ म्हणत. जुन्या घरांत काचेमागे जी किंचित तपकिरी पडलेली, तरी तुकतुकीत चित्रं दिसतात ती हीच.

१८७८ साली दोन शहरांत दोन छापखाने निघाले. कलकत्त्यात तिथल्या कलाशाळेत शिकलेल्या तरुणांनी कलकत्ता आर्ट स्टुडिओ काढला आणि पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह चित्रशाळा सुरू केली. निबंधमालेतून इंग्रजी राज्यावर आसूड ओढणाऱ्या माणसाला चित्रांचा छापखाना काढावासा वाटला, यात बरंच काही आलं. निबंध वाचायला अक्षरओळख लागते, चित्राला ती लागत नाही. चित्रशाळेचं रामपंचायतन पुढे इतकं पसरलं की आजही जुन्या वाड्यातल्या देवघराच्या भिंतीवर राम, सीता, भाऊ आणि पायाशी मारुती असं चित्र दिसलं, की जाणती माणसं आधी खाली कोपऱ्यात चित्रशाळेचं नाव शोधतात.

रवि वर्मा आणि दोनच हात

आता चित्रकार. राजा रवि वर्मा १८४८ साली त्रावणकोरमधल्या किळिमानूरला जन्मले. तैलरंगात काम करणारे, संस्थानिकांची चित्रं काढणारे, परदेशातल्या प्रदर्शनांत बक्षिसं मिळवणारे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून पुराणकथांवरची चौदा चित्रं करवून घेतली. ती राजवाड्यात जाण्याआधी लोकांना बघायला ठेवली, तेव्हा गर्दी लोटली. राजवाड्यात जाणाऱ्या चित्रांसाठी साधी माणसं रांगा लावतात, हे ज्याच्या लक्षात येईल त्याला पुढचा धंदा दिसणारच.

तो आधीच एका माणसाला दिसला होता. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तिन्ही संस्थानांचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी १८८४ साली रवि वर्मांना लिहिलं होतं, की तुमची चित्रं हवी असणारे पुष्कळ आहेत आणि तुम्हाला हात दोनच. तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ करून घ्या, त्यात तुमचं नाव होईल आणि देशाची सेवाही घडेल. धंद्याच्या सल्ल्याला देशसेवेची फोडणी! पण माधवरावांचं म्हणणं खरं निघालं, त्यांना वाटलं असेल त्याहून अधिक.

रवि वर्मांनी चित्रं युरोपात न पाठवता युरोपातली यंत्रं आणि कारागीर इकडे आणले. १८९४ साली गिरगावात प्रेस सुरू झाला. तंत्रज्ञ जर्मन. पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं, मग लक्ष्मी, सरस्वती आणि इतर. मुंबईत प्लेग आला, प्रेस शहराबाहेर पडला आणि लोणावळ्याजवळ मळवलीला जाऊन स्थिरावला. धंदा म्हणून बघाल तर रवि वर्मांना तो जमला नाही. कर्ज झालं आणि शतक बदलता बदलता प्रेस त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाने, फ्रिट्झ श्लायखर यांनी, विकत घेतला. चित्रं मात्र छापत राहिली. १९७२ साली मळवलीच्या प्रेसला आग लागली आणि बरंच काही जळून गेलं. आज पुण्याहून लोकलने लोणावळ्याला जाताना मळवली स्टेशन लागतं तेव्हा भाजे-कार्ल्याला निघालेले लोक उतरतात. आपल्या घरच्या लक्ष्मीचं हे गाव आहे, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

टाकावरचा देव आणि बाजारातला देव

या चित्रांनी नवं काय केलं? छापील चित्रांआधी गरिबाच्या घरी देव नव्हता असं कुणी म्हणेल तर ते साफ चूक. देवघरात टाक होते, चांदीच्या नाहीतर पितळेच्या पत्र्यावर उठवलेले. शेंदूर फासलेले तांदळे, म्हणजे बिनचेहऱ्याचे दगड, होते. पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीतली चित्रं दाखवत गावोगाव रामायण सांगत. देव भरपूर होता. पण टाकावरचा देव कुळाचा होता: तुमचा खंडोबा, आमची तुळजाभवानी, त्यांची यमाई. तो लग्नात मिरवायचा, वाटणी झाली की कुणाकडे जायचा यावर भावाभावांत बोलाचाली व्हायची. आणि देवळातला देव पुजाऱ्याच्या हाती. किती पायऱ्या चढायच्या, कुठे थांबायचं, हे जात ठरवायची.

छापील चित्र या दोन्ही व्यवस्थांना वळसा घालून गेलं. ते कुळाचं नव्हतं, पुजाऱ्याचंही नव्हतं. ते बाजारातलं होतं आणि बाजारात पैसे देईल त्याला माल मिळतो. सुरुवातीचे ओलिओग्राफ काही अगदी स्वस्त नव्हते, पण इतर छापखाने शर्यतीत उतरले तसे दर खाली आले. मग ज्याला देवळाच्या पहिल्या पायरीशी अडवलं जायचं त्याच्या झोपडीत देवी समोरासमोर बघू लागली. दर्शन या शब्दात दोन्ही बाजूंचं बघणं असतं. आपण देवाकडे बघतो आणि तो आपल्याकडे. देवाचा चेहरा समोर, नजर थेट पाहणाऱ्याकडे, ही छापील चित्रांची रचना त्यासाठीच होती. खोलीत कुठेही बसा, देवी बघतेच आहे.

बायकांनी तर या चित्रांवर स्वतःचा हात फिरवला. विकत आणलेल्या लक्ष्मीच्या साडीवर खरी जर चिकटवायची, दागिन्यांवर टिकल्या आणि मणी लावायचे, कधी साडीच्या जागी खरं रेशीम शिवायचं, मग काच घालून चौकट करायची. अशी चित्रं आजही जुन्या बाजारात सापडतात. यंत्राने हजारांनी काढलेली प्रत अशी एका घराची झाली, आणि देवाचा शृंगार करण्याचा पुजाऱ्याचा मान एका बाईने दुपारच्या वेळी, सुईदोरा घेऊन, स्वतःकडे घेतला. याला चळवळ कुणी म्हणणार नाही. तिने तरी कुठे म्हटलं असेल?

इथे एक सावधगिरी. घरात चित्र आलं म्हणून देऊळ उघडलं नाही. गिरगावात प्रेस सुरू झाला त्यानंतर छत्तीस वर्षांनी, १९३० साली, नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला आणि तो काही वर्षं चालूनही दार उघडलं नाही. राम चित्रात मिळत होता, देवळात मिळत नव्हता. मला वाटतं, ही विसंगती रोज भिंतीवर दिसणं हेही काही कमी नव्हतं. पण तेवढ्यावरच भेद मिटतो असं मानणाऱ्यांनी नाशिक आठवावं.

देवी शेजारच्या घरातली

दुसरा बदल चेहऱ्याचा. रवि वर्मांनी युरोपीय पद्धतीची छायाप्रकाशाची रीत घेतली. शरीराला वजन आलं, साडीला चुण्या आल्या, पायाखाली जमीन आली. त्यांची दमयंती, शकुंतला, सरस्वती या बायका वाटतात. शेजारच्या वाड्यातली सून उठून बसावी तशा. देव माणसासारखा दिसायला लागला की त्याच्या दुःखाशी आपलं दुःख जोडता येतं. आणि बाई देवीसारखी काढली गेली की तिने कसं दिसावं याचा एक साचाही तयार होतो.

साचा फार सुखाचा नव्हता. ही देवी गोरी आहे, भरल्या घरातली आहे, तिच्या हाताला कामाचा घट्टा नाही. शेंदूर माखलेली, डोळे वटारलेली गावदेवी हळूहळू या साच्यात ओतली गेली. आज कित्येक देवळांबाहेर देवीचा फोटो म्हणून जे विकतात त्यात गाभाऱ्यातल्या मूर्तीचा मागमूस नसतो. गोरी, हसरी, साडीतली बाई असते. टाकावरच्या देवांत जी विविधता होती तिच्यावर छापील चित्राने इस्त्री फिरवली. ही किंमत मोजलीच.

टीकाकारांना वेगळंच खटकलं. भगिनी निवेदितांना रवि वर्मांची पत्र लिहिणारी शकुंतला रुचली नाही. ती जमिनीवर लांब पसरून पत्र लिहिते, जिथे बसण्याउठण्यालाही मर्यादा आहे अशा देशात हे शोभत नाही, असा त्यांचा सूर होता. कलासमीक्षक आनंद कुमारस्वामींना ही चित्रं नाटकी वाटली. बंगालमधल्या नव्या चित्रकारांनी तर रवि वर्मांकडे पाठच फिरवली. हा वाद वाचताना गंमत वाटते, कारण दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरून बोलत होत्या: भारतीय चित्र असं काहीतरी असतं आणि ते कसं दिसावं याचा देशाशी संबंध आहे. पन्नास वर्षं आधी हा प्रश्न कुणी विचारलाच नसता.

कधीही न भेटलेल्या माणसांचा देश

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात रवि वर्मांचं एक चित्र आहे. अकरा बायका एकत्र बसल्या-उभ्या आहेत, काहींच्या हाती वाद्यं आहेत. पेहराव वेगवेगळ्या प्रांतांतले. नायर बाईच्या हाती वीणा आहे, मुसलमान गायिका आहे. खऱ्या आयुष्यात या अकरा जणी एका बैठकीवर आल्या नसत्या. जात, प्रांत, धर्म, भाषा, कुठे ना कुठे अडलं असतं. चित्रात त्या बसल्या. देशाची कल्पना आधी अशीच करावी लागते. ज्यांना आपण कधी भेटणार नाही त्या माणसांना मनातल्या मनात एका सतरंजीवर बसवायचं.

छापील चित्र हेच काम भिंतीवर करतं. मद्रासच्या दुकानदाराने आणि लाहोरच्या कारकुनाने एकमेकांना पाहिलेलं नाही, पण दोघांच्या भिंतीवर एकच सरस्वती आहे. वेळही नेमकी. १८९३ मध्ये गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला, टिळकांनी त्या उत्सवाला बळ दिलं, आणि पुढच्याच वर्षी त्याच गिरगावात प्रेस आला. देव देवघरातून चाळीच्या चौकात आला आणि कागदावरून भिंतीभिंतीवर गेला.

१९०५ साली बंगालच्या फाळणीच्या धामधुमीत अवनींद्रनाथ ठाकुरांनी भगव्या वस्त्रातली चार हातांची माता काढली. तिच्या हातांत अन्न, वस्त्र, पोथी आणि जपमाळ. आधी ती बंगमाता होती, मग भारतमाता झाली. याच निवेदितांना ती इतकी भावली, की हिच्या हजारो प्रती काढून देशभर झोपडीझोपडीत पोचवाव्यात असं त्यांनी लिहिलं. चित्राच्या गुणावर वाद घालणारी बाईसुद्धा शेवटी प्रतींच्या संख्येवर आली.

पण ज्या यंत्राने अकरा जणींना एकत्र बसवलं त्यानेच कुणाला तरी बाहेर काढलं. गोरक्षणाच्या चळवळीत एक चित्र फार फिरलं. गाईच्या अंगावर चौऱ्यांशी देव रेखलेले, खाली तिचं दूध पिणारे लोक, आणि समोरून तलवार उपसून धावणारा राक्षस. रवि वर्मा प्रेसनेही ते छापलं. तो राक्षस म्हणजे नेमका कोण, यावर सरकारी अधिकाऱ्यांपर्यंत तक्रारी गेल्या, कारण पुष्कळांनी त्यात मुसलमान पाहिला. शब्दांत लिहिलं असतं तर खटला भरता आला असता. चित्र मात्र हात वर करून म्हणतं, मी तर फक्त कलियुग काढलंय. इंग्रज सरकारने १९१० च्या प्रेस कायद्यात चित्रांवरही नजर ठेवली ती उगाच नाही. पुढे फेल्ट हॅटमधल्या भगतसिंगांचा फोटो छापील चित्रांत उतरला, तेव्हा ही नजर आणखी तीक्ष्ण झाली. चित्र जोडतं तेव्हा कुणाला जोडतं आणि कुणाला राक्षसाच्या जागी उभं करतं, हे बघावंच लागतं.

चुकाही अशाच छापल्या जातात. शिवाजी महाराजांचं म्हणून एक चित्र बरीच वर्षं खपत होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिलं, की ते इब्राहिम खान नावाच्या भलत्याच माणसाचं आहे, आणि १९३३ साली महाराजांचं समकालीन डच चित्र लोकांपुढे आणलं. आज आपल्याला ओळखीचा असलेला महाराजांचा चेहरा इतका पक्का बसलाय, की त्याआधी लोक दुसऱ्याच चेहऱ्याला मुजरा करत होते हे पटत नाही.

मधल्या काळात चित्रांना पायही फुटले. रवि वर्मांच्या प्रेससाठी काम केलेला, लोणावळ्यात स्वतःचा ब्लॉकचा धंदा काढलेला, जर्मनीला जाऊन छपाईतली नवी तंत्रं पाहून आलेला त्र्यंबकेश्वरचा एक माणूस १९१३ साली मुंबईत भारतातला पहिला पूर्ण लांबीचा मूक चित्रपट दाखवतो, तो हरिश्चंद्राचा. दादासाहेब फाळके. पडद्यावर राम आला की प्रेक्षक हात जोडत, असं सांगतात. भिंतीवरच्या देवाला हात जोडायची सवय आधीच लागलेली होती.

कॅलेंडर आणि जिन्यातली फरशी

साबण, तेल, विडी, वनस्पती तूप विकणाऱ्यांना लवकरच कळलं, की देवाच्या पायाशी आपलं नाव छापलं तर वर्षभर कुणी ते भिंतीवरून काढत नाही. कॅलेंडर ही मोठी हुशार रचना आहे. चित्र वर, तारखांचा गठ्ठा खाली, मध्ये दुकानाचं नाव. गरज तारखेची, श्रद्धा चित्राची, फायदा दुकानदाराचा. मूळचे गोव्याचे रघुवीर मुळगावकर या कॅलेंडरांचे मराठी घरांतले लाडके चित्रकार. त्यांच्या देवांच्या गालावरची तकाकी वेगळीच ओळखू येते. पुढे दगड जाऊन ऑफसेट आला, छपाईचं मोठं ठाणं तमिळनाडूतल्या शिवकाशीला गेलं, आणि चित्र इतकं स्वस्त झालं की फुकट वाटता येऊ लागलं.

फुकट झालं तरी टाकवेना, ही पंचाईत. वर्ष संपलं की तारखा फाडायच्या, चित्र कापून फ्रेम करायचं. तेही जुनं झालं तर पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवायचं. आमच्या गल्लीच्या टोकाला असा पार आहे. तिथे पडलेल्या देवांची संख्या बघून गेल्या वर्षी कोणत्या सोनाराने किती कॅलेंडरं वाटली याचा अंदाज येतो.

कागदावर जन्मलेला हाच देव पुढे चिनी मातीच्या फरशीवर चढला. मुंबईत कुठल्याही जुन्या इमारतीच्या जिन्यात, कोपऱ्याला, वीतभर उंचीवर ओळीने फरश्या बसवलेल्या असतात: गणपती, साईबाबा, क्रूस, मक्का-मदिना, गुरू नानक. लोकांनी तिथे पान खाऊन थुंकू नये म्हणून. पालिकेची पाटी जे करू शकत नाही ते ही फरशी करते. सर्वधर्मसमभावाचं याहून रोखठोक रूप मी पाहिलेलं नाही. सगळ्या धर्मांचे देव एका रांगेत, एकाच कामावर, कारण थुंकणारा कोणत्या धर्माचा असेल हे सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगता येत नाही.

खिळा तोच

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धर्म स्वीकारला आणि पाठोपाठ लाखो अनुयायांना दीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या. त्यांतल्या पहिल्या तीन बघा: ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही; राम, कृष्ण यांना मानणार नाही; गौरी-गणपती वगैरेंना मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. आता हे देव घरात कोणत्या रूपात होते ते आठवा. टाक होते, आणि छापील चित्रं होती. प्रतिज्ञा पाळायची म्हणजे नागपूरहून घरी गेल्यावर भिंतीकडे बघायचं. माणसांनी टाक, मूर्ती आणि तसबिरी उतरवल्या. ज्या देवाच्या देवळात शिरायला सत्याग्रह केला त्याला लोकांनी स्वतः होऊन घरातून निरोप दिला.

भिंत मोकळी राहिली नाही. त्या खिळ्याला बुद्ध लागला आणि शेजारी बाबासाहेब. अवघ्या दोन महिन्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले, आणि पुढच्या काळात त्यांचं चित्र ज्या वेगाने घरोघरी पोचलं त्याला तोड नाही. यंत्र तेच: तीच रंगीत छपाई, तेच कॅलेंडर, तीच चौकट. चित्राची रचनाही आतून ओळखीची, चेहरा समोर, नजर पाहणाऱ्याकडे. बदलला तो पोशाख. निळा सूट, टाय, खिशाला पेन, डोळ्यांवर चष्मा, हातात जाडजूड पुस्तक. लक्ष्मीच्या हातून नाणी पडतात, या माणसाच्या हातात संविधान आहे. मोडक्या घरात सुटाबुटातला माणूस मधोमध लावण्यात जे म्हटलं गेलं ते मुलांना समजावून सांगावं लागलं नाही. शाळेत जायचं, पेन बाळगायचं, खाली बघून बोलायचं नाही.

काहींना हे खटकतं. मूर्तिपूजा नाकारणाऱ्यांनी फोटोची पूजा मांडली, असं म्हणतात. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. हार, अगरबत्ती, हळदीकुंकवाच्या जागी निळी रांगोळी हे दिसतं, आणि त्यात बाबासाहेबांना आवडलं नसतं असं बरंच असेल. पण कुणाचं चित्र लावायचं हे ठरवण्याचा हक्क कुणाकडे आहे, हा प्रश्न सुटलेला असतो तेव्हाच चित्र कसं पुजावं यावर वाद घालता येतो. रवि वर्मांच्या प्रेसने देव विकत घेण्याची सोय केली. या घरांनी ती सोय घेतली आणि देवच बदलला.

दरवर्षी ६ डिसेंबरच्या आसपास दादरच्या शिवाजी पार्कावर पुस्तकांचे आणि चित्रांचे स्टॉल लागतात. विदर्भ-मराठवाड्यातून गाड्या भरभरून माणसं येतात, चैत्यभूमीवर डोकं टेकवतात आणि परत जाताना खरेदी करतात. पुस्तकं पिशवीत जातात. चित्राचं तसं होत नाही. विक्रेता ते छापलेली बाजू आत घेऊन गुंडाळतो, वर वर्तमानपत्र लावतो, दोन रबरं चढवतो आणि म्हणतो, दाबू नका. मग दादर स्टेशनवर, जनरल डब्यात, पाय ठेवायला जागा नसताना एखादी म्हातारी ती सुरळी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरून उभी असते. कुणीतरी वरच्या फळीवर बसलेला पोरगा हात पुढे करतो. ती आधी त्याच्याकडे नीट बघून घेते, मगच सुरळी त्याच्या हातात देते.